ॲपोफेरिटिनचा मॅप आणि पुण्याचा पावसाळा: क्रायो-ईएमच्या प्रकल्प नोंदी

आमच्या प्रयोगशाळेत १२० केव्हीचा (किलोव्होल्ट) जुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, त्यात बाजूने सरकवायचा क्रायो-होल्डर आहे आणि नमुने गोठवायचं एक प्लंजर आहे. ३०० केव्हीचं यंत्र नाही. त्यासाठी दुसऱ्या राज्यातल्या केंद्रावर अर्ज करावा लागतो, आणि एकदा मिळालेला वेळ वाया गेला तर पुढचा कधी मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणून सरांनी ठरवलं की आमच्या स्वतःच्या आडमुठ्या प्रोटीनला हात लावण्याआधी सगळ्या जगाला पाठ असलेल्या प्रोटीनवर क्रायो-ईएमची, म्हणजे प्रोटीन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने त्याचे कण टिपायचे आणि त्या चित्रांतून रचनेचा त्रिमितीय मॅप काढायचा, ही साखळी एकदा शेवटपर्यंत ओढून न्यायची.

ते प्रोटीन म्हणजे घोड्याच्या प्लीहेतलं ॲपोफेरिटिन. रक्ताच्या रिपोर्टमध्ये फेरिटिन म्हणून जे छापून येतं तेच, फक्त आतलं लोखंड काढून टाकलेलं. २४ उपघटकांचा पोकळ गोळा. बाहेरून १२ नॅनोमीटर, आतली पोकळी ८ नॅनोमीटर. २०२० मध्ये केंब्रिज आणि ग्यॉटिंगेनच्या दोन गटांनी फेरिटिनवरच १.२ अँगस्ट्रॉमच्या (नॅनोमीटरचा दहावा भाग; आकडा जितका लहान तितका तपशील बारीक) आसपास जाऊन अणू सुटे दाखवले होते. आम्हाला ३ च्या खाली जायचं होतं, एवढंच. ज्यांच्याकडे आमच्यासारखीच अर्धी सामग्री आहे त्यांना या नोंदी उपयोगी पडाव्यात.

१० जून २०२४, सोमवार

कुपी आली. आत प्रोटीन आहे, पण अर्धं ग्लिसरॉल. विकत मिळणारं ॲपोफेरिटिन बहुधा असंच येतं, कारण ग्लिसरॉलमध्ये ते गोठत नाही आणि टिकतं. क्रायोसाठी मात्र ते नकोच. ग्लिसरॉलमुळे भोवतालच्या द्रवाची घनता प्रोटीनच्या घनतेजवळ जाते आणि चित्रात प्रोटीन उठून दिसत नाही. शिवाय द्रव चिकट होतो, कागदाने टिपताना पातळ थर धरत नाही, आणि इलेक्ट्रॉनचा मारा बसला की त्यात बुडबुडे येतात. नुसतं पातळ करून भागत नाही, कारण गोठवायला आम्हाला मिलिलिटरला ४-५ मिलिग्रॅम प्रोटीन लागणार. रात्रभर डायलिसिसला लावलं, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीतून ग्लिसरॉल बाहेरच्या बफरमध्ये जाऊ दिलं.

१४ जून

डायलिसिस पीबीएस या नेहमीच्या बफरमध्ये केलं होतं, कारण फ्रिजमध्ये तेच तयार होतं. आज नेगेटिव्ह स्टेन करून, म्हणजे कणांभोवती युरॅनिल ॲसिटेटचा गडद रंग भरून पाहिलं तर पडद्यावर प्रोटीन कुठेच नाही, नुसते काळे सुईसारखे स्फटिक. आमचे तंत्रज्ञ काका मागून बघून म्हणाले, "फॉस्फेट आहे का त्यात?" होतं. युरॅनिल ॲसिटेट आणि फॉस्फेट एकत्र आले की साका खाली बसतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं आणि ती ओळ वाचूनही लक्षात राहत नाही. चार दिवस गेले. युरॅनिलचा कचरा वेगळ्या बाटलीत. तो सिंकमध्ये ओतायचा नाही, हे एमएस्सीच्या मुलांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

१९ जून

आता हेपेस बफर, १५० मिलिमोलर मीठ. सेंट्रिफ्यूजच्या १०० केडीए (किलोडाल्टन, रेणूच्या वजनाचं माप) गाळणीतून घट्ट केलं आणि लगेच रेणू आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या सुपरोज ६ कॉलममधून काढलं. मुख्य शिखराच्या आधी एक छोटं शिखर होतं, म्हणजे गोळ्यांच्या जोड्या आणि गुठळ्या. ते बाजूला ठेवलं.

नेगेटिव्ह स्टेनसाठी ०.०२ मिलिग्रॅमपर्यंत पातळ केलं. आज स्वच्छ दिसलं: एकसारखी पांढरी कडी, मध्ये काळं, कारण रंग पोकळीत शिरतो. काही गोळ्यांच्या पोटात मात्र फारच गडद ठिपका आहे. तो रंग नसावा, उरलेलं लोखंड असावं. विकतच्या मालात थोडं लोखंड राहतंच. पुढे कॉम्प्युटरवर हे कण वेगळे काढता येतील, तोवर दुर्लक्ष.

सर घाई करत होते, पण मी आग्रहाने आणखी दोन ग्रिड (नमुना टाकायच्या बारीक जाळ्या) पाहिल्या. नेगेटिव्ह स्टेनला अर्धा तास लागतो आणि कार्बनची साधी ग्रिड स्वस्त पडते. इथे गुठळ्या दिसल्या तर पुढे गोठवून काही चमत्कार होत नाही.

२ जुलै

पहिलं गोठवणं. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ३ मिलिमीटरची तांब्याची जाळी, तिच्यावर भोकाभोकांचा कार्बनचा पडदा. आमची भोकं १.२ मायक्रॉनची, मधलं अंतर १.३. ग्लो-डिस्चार्जमध्ये (विजेने चमकणाऱ्या विरळ वायूत) ठेवली की पडदा पाणी धरू लागतो. हा गुण तासाभरात उतरू लागतो, म्हणून एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त ग्रिड तयार करू नका. मग प्लंजरच्या कोठीत, ४ अंश आणि १०० टक्के आर्द्रतेत, ग्रिडवर ३ मायक्रोलिटर नमुना टाकायचा, दोन बाजूंनी कागद दाबून टिपायचा आणि ग्रिड द्रव इथेनमध्ये सोडायची. पाणी इतक्या झपाट्याने थंड होतं की रेणूंना स्फटिक करायला सवडच मिळत नाही, काचेसारखा बर्फ होतो. नुसत्या लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवलं तर भोवती वायूचा थर धरतो आणि थंड होण्याचा वेग पडतो. ही युक्ती हायडलबर्गमध्ये दुबोशे यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

प्रत्यक्षात दिवसाचा बराचसा वेळ इथेनने खाल्ला. नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो, इथेन उणे १८३ च्या आसपास गोठतं. म्हणजे पितळी वाटीत द्रव केलेलं इथेन थोड्या वेळात कडेने पांढरं होत आत येतं. पूर्ण गोठलं की ग्रिड त्यावर आपटून वाकते. दोन वाकल्या. उपाय सोपा: कडेला पांढरं कडं दिसू द्या, मध्ये द्रव राहू द्या, आणि जास्त गोठलं की वरून पुन्हा वायू सोडून वितळवा. वायू सोडताना खोलीत ठिणगी नको, वायुवीजन चालू हवं; इथेन पेटतं. इथेन-प्रोपेनचं मिश्रण वापरलं तर हा गोठण्याचा त्रास टळतो, पण इथेनचा एक सिलिंडर यायलाच आम्हाला मार्चपासून मे उजाडला. त्यामुळे मिश्रणाचा विषय सरांनीच बंद केला.

तपासल्यावर सगळ्याच ग्रिडवर बर्फ जाड. भोकं काळी. टिपण्याचा वेळ २ सेकंद ठेवला होता.

४ जुलै

३, ४, ५, ६ सेकंद अशा ग्रिड केल्या. ५ आणि ६ मध्ये मधली भोकं कोरडी. ३ आणि ४ मध्ये कुठे जाड, कुठे पातळ. हे आकडे तुमच्या यंत्रावर तसेच लावू नका. कागद दाबायचा जोर म्हणून पडद्यावर जो आकडा दिसतो तो प्रत्येक यंत्रावर वेगळा असतो. आमच्याच यंत्रावर काकांनी खालची गादी बदलल्यावर तो बदलला. एक गोष्ट मात्र सगळीकडे लागू पडावी: कागद कोठीत ओलावा शोषत राहतो. पहिल्या ग्रिडला कोरडा कागद मिळतो, सहाव्या ग्रिडला ओला. तेच ४ सेकंद असूनही पहिली ग्रिड कोरडी आणि शेवटची जाड निघते. आता आम्ही कागद लावून अर्धा तास थांबतो आणि मग सुरू करतो.

११ जुलै

आजची नोंद मोठी होणार, कारण खरा अडथळा आज दिसला.

४ सेकंदांच्या ग्रिड क्रायो-होल्डरमध्ये घालून पाहिल्या. बर्फाची जाडी ठीक, कण दिसतायत, पण सगळ्यावर मीठ भुरभुरवल्यासारखे काळे ठिपके. काही मोठे, षटकोनी. हा बर्फ ग्रिडमधला नाही, वरून पडलेला आहे. खोलीतला आर्द्रतामापक ८६ दाखवत होता. बाहेर तीन दिवस झड लागलेली.

नायट्रोजनच्या उघड्या भांड्यावर हवेतली वाफ येते, गोठते आणि त्यात पडते. नायट्रोजन पारदर्शक दिसतो, पण त्यात हे बारीक बर्फकण तरंगत असतात, आणि ग्रिड त्यातून जाते तेव्हा तिच्यावर बसतात. एका ग्रिडचा प्रवास मोजला तर ती इथेनमधून नायट्रोजनमध्ये, तिथून डबीत, डबी साठवणीच्या टाकीत, टाकीतून पुन्हा भांड्यात, भांड्यातून होल्डरच्या टोकावर, आणि होल्डर हवेतून मायक्रोस्कोपमध्ये. प्रत्येक टप्प्यावर उघडं भांडं. होल्डर हवेतून नेण्याची ती दोन-तीन सेकंदं सगळ्यात वाईट. टोकावरचं झाकण ओढायचं राहिलं तर ग्रिड संपलीच.

त्यातल्या एका ग्रिडवर आणखी वेगळं काही होतं. ठिपके नव्हते, पण सगळा बर्फच चट्ट्यापट्ट्यांचा. डिफ्रॅक्शन (इलेक्ट्रॉन विखुरून उमटणारी नक्षी) लावून पाहिलं. काचेसारख्या बर्फाची कडी पसरट, धूसर येते. इथे टोकदार ठिपके आले, म्हणजे बर्फ स्फटिक झालेला. उणे १३५ अंशांच्या वर ग्रिड क्षणभर जरी गेली तरी काचबर्फ स्फटिकात बदलतो आणि पुन्हा थंड केला तरी मागे येत नाही. बहुतेक चिमट्याचं टोक पुरेसं गार न करता ग्रिड उचलली गेली. चिमटा नायट्रोजनमध्ये घातल्यावर जो खळखळाट होतो तो थांबेपर्यंत ग्रिडला शिवायचं नाही, हे आता भिंतीवर लिहून लावलं आहे.

डिफ्रॅक्शनचं चित्र घ्यायला एक मिनिट लागतं. प्रत्येक नव्या तुकडीतल्या एका ग्रिडचं तरी घ्या.

२२ जुलै

दहा दिवसांत काय बदललं ते:

खोलीत दोन डीह्युमिडिफायर आणले. एकाने काही होत नाही. गोठवायच्या आदल्या रात्रीपासून एसी आणि दोन्ही यंत्रं चालू, दार बंद, दारावर कागद. सकाळी आर्द्रता ४० च्या खाली असेल तरच इथेन उघडायचं, नाहीतर कार्यक्रम रद्द. हा नियम सरांना मान्य व्हायला वेळ लागला, कारण त्यामुळे जुलैमधले बरेच दिवस हातचे गेले.

कालचा नायट्रोजन आज वापरायचा नाही. उरलेला ओतून भांडं उलटं करून वाळवायचं. प्रत्येक भांडं, डबी, चिमटा, स्क्रू-ड्रायव्हर हेअर ड्रायरने कोरडा करायचा. हेअर ड्रायर कुणाच्या घरून आणू नका, प्रयोगशाळेसाठी वेगळा घ्या. आमचा महिन्यात जळाला. तोंडावर मास्क, आणि भांड्यावर वाकून बोलायचं नाही. आमच्याकडे गप्पा मारत काम करायची सवय आहे, ती मोडणं सगळ्यात अवघड गेलं. ग्रिड ठेवायच्या डबीची झाकणं नायट्रोजनच्या पातळीखालीच बंद करायची.

एवढ्याने ठिपके पूर्ण गेले नाहीत. पण जाळीच्या प्रत्येक चौकटीत निम्म्याहून जास्त भोकं स्वच्छ मिळू लागली, आणि तेवढं पुरतं.

२६ जुलै

काल खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर घरांमध्ये पाणी शिरलं, शाळा-कॉलेजं बंद. आमच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी तिकडेच राहते. ती आणि घरचे ठीक आहेत. प्रयोगशाळेत रात्रभर वीज नव्हती. डीप फ्रीझरमधल्या प्रोटीनची चिंता होती, गोठवलेल्या ग्रिडची नव्हती. त्या टाकीला वीज लागत नाही, नायट्रोजन संपू नये एवढंच. काका सकाळी गुडघाभर पाण्यातून येऊन पातळी बघून गेले.

७ ऑगस्ट

बर्फ बरा, पण कण कमी. एका भोकात जेमतेम वीस-तीस. कॉलममधून काढलेलं प्रोटीन मिलिलिटरला दीड मिलिग्रॅम होतं. नेगेटिव्ह स्टेनमध्ये ०.०२ ला गर्दी दिसते म्हणून दीड पुष्कळ वाटतं. पण तिथे कण कार्बनला चिकटून गोळा होतात, इथे भोकात मोकळ्या पाण्यातले जेवढे सापडतील तेवढेच. पुन्हा घट्ट करून ५ वर नेलं.

आणखी एक दिसलं. फार पातळ बर्फ असलेल्या भोकांत कण कडेला कड्यासारखे जमतात आणि मध्य रिकामा राहतो. भोकातला थर मध्यभागी सगळ्यात पातळ असतो. तो १२ नॅनोमीटरच्या खाली गेला की गोळा तिथे मावत नाही, ढकलला जातो. म्हणजे "जितका पातळ बर्फ तितकं चांगलं" हे अर्धसत्य आहे. आम्ही आता कण मध्यापर्यंत पसरलेली भोकं शोधतो, मग बर्फ थोडा जाड असला तरी चालेल.

२२ ऑगस्ट

५ मिलिग्रॅम, ४ सेकंद, खोलीतली आर्द्रता ३४. चार चांगल्या ग्रिड. १२० केव्हीवरच कण एकाला एक लागून, तरी एकमेकांवर न चढलेले दिसतात. तांब्याचा धातू, कार्बनचा पडदा. सोन्याच्या पडद्याच्या ग्रिड इलेक्ट्रॉनच्या माऱ्यात कमी हलतात हे माहीत आहे, पण त्या कितीतरी महाग पडतात आणि सरावासाठी त्या जाळायच्या नाहीत असं ठरलं. साधी भोकांची ग्रिडसुद्धा आयात करून आम्हाला ८०० ते १००० रुपयांना एक पडते. त्यातल्या किती कचऱ्यात गेल्या ते लिहीत नाही.

१३ सप्टेंबर

क्लिपिंग. मोठ्या यंत्रात ग्रिड आपोआप आत जाते, म्हणून तिला नायट्रोजनमध्ये असतानाच एका कड्यात बसवून वरून स्प्रिंग दाबायची असते. खोलीच्या तापमानाला, जुन्या ग्रिडवर आठवडाभर सराव करा. आम्ही दोन दिवस केला, आणि चारातली एक ग्रिड दाबताना वाकली. वाकलेली ग्रिड तिरकी राहते आणि फोकस एका टोकापासून दुसऱ्या टोकाला बदलत जातो. उरल्या तीन.

१६ सप्टेंबर

उद्या अनंत चतुर्दशी. नायट्रोजनवाल्याचा दुपारी फोन, "मॅडम, आज संध्याकाळनंतर गाडी आत येणार नाही, आता परवा." पुण्यातली मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालते हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. साठवणीच्या टाकीत निम्माच नायट्रोजन होता. काकांनी स्वतःच्या टेम्पोवाल्या मित्राला पाठवून दोन भांडी भरून आणली. शहरात ज्या दिवशी रस्ते बंद होतात त्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर मारून ठेवा आणि टाकी आदल्या आठवड्यात भरा.

५ ऑक्टोबर

ड्राय शिपर तयार केला. हे भांडं नायट्रोजन शोषून घेतं, त्यात मोकळा द्रव राहत नाही, म्हणून प्रवासात चालतं. भरायचं, जिरू द्यायचं, पुन्हा भरायचं, असं दिवसभर. वजन करून बघा: वजन वाढणं थांबलं की भरला. मोकळा द्रव ओतून टाका. प्रवासभर उभाच ठेवा, आडवा झाला की गारवा झपाट्याने उडतो. आम्ही रेल्वेने गेलो. स्टेशनवर तपासणीला असलेल्या शिपायाने झाकण उघडायला लावलं, पांढरा धूर आला तसा तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "असू द्या, असू द्या." केंद्राचं पत्र वरच्या खिशात ठेवा.

८ ऑक्टोबर

३०० केव्ही. तीन ग्रिडपैकी एकीवर प्रवासात किंवा चढवताना बर्फाचे ठिपके वाढले. एक जाड. तिसरी चांगली, आणि सगळं त्या एकीवरच झालं. ऑपरेटरने पहिल्या तासात जाडीप्रमाणे चौकटी निवडल्या. आम्ही उत्साहात सगळ्या निवडायला निघालो होतो, त्यांनी निम्म्या खोडल्या. बरं झालं.

डीफोकस (कण उठून दिसावेत म्हणून मुद्दाम थोडा चुकवलेला फोकस) ०.५ ते १.५ मायक्रॉन, एकूण मारा चौरस अँगस्ट्रॉमला सुमारे ४० इलेक्ट्रॉन, प्रत्येक जागेचा एक चित्रपट. चित्रपट अशासाठी की मारा सुरू होताच बर्फ आणि कण सरकतात. फ्रेम वेगळ्या असल्या तर त्या नंतर जुळवता येतात. २०१२-१३ मध्ये थेट इलेक्ट्रॉन मोजणारे डिटेक्टर आले तेव्हापासून हे जमू लागलं, आणि या क्षेत्राचे दिवस तिथून फिरले. २,१०० चित्रपट, दीड टीबी. हार्ड डिस्क दोन नेल्या होत्या. एकावर विसंबू नका.

१८ ऑक्टोबर

आमचं मशीन: दोन ग्राफिक्स कार्ड, प्रत्येकी २४ जीबी, आणि एक जलद एसएसडी. रेलिऑन हे सॉफ्टवेअर वापरतोय. चित्रपट जुळवले, प्रत्येक चित्राचा सीटीएफ (लेन्स आणि डीफोकसमुळे चित्र कसं बदलतं त्याचं गणित) काढला. ज्यांत ५ अँगस्ट्रॉमपलीकडे काही जुळत नव्हतं ती चित्रं काढली, उरली १,६०० च्या जवळपास.

कण निवडायला एमएस्सीचा मुलगा म्हणाला, सरळ प्रसिद्ध मॅपचे साचे देऊन शोधू. नको. साचा दिला की प्रोग्रॅम निव्वळ गोंधळातूनही साच्यासारखं काढून देतो. केंब्रिजच्या रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये हाच इशारा दिला होता: नुसत्या गोंधळाची चित्रं आइनस्टाइनच्या फोटोशी जुळवून सरासरी काढली, तर आइनस्टाइनच उमटतो. आम्ही आधी फक्त गोल ठिपके शोधले, त्यातून टू-डी सरासऱ्या (सारख्या दिसणाऱ्या कणांचे गट करून प्रत्येक गटाचं सरासरी चित्र) काढल्या, आणि त्या अस्पष्ट करून साचे म्हणून दिले. ३.१ लाख कण निघाले. टू-डी वर्गवारीत बर्फाचे तुकडे, भोकांच्या कडा आणि लोखंड भरलेले गोळे गेले, १.७ लाख राहिले. चांगल्या वर्गांत कड्याच्या आत हेलिक्सचे (प्रोटीनच्या साखळीच्या पिळांचे) ठिपके स्पष्ट दिसतात. सर बराच वेळ ते बघत बसले.

२५ ऑक्टोबर

पहिला थ्री-डी मॅप, अष्टफलकी सममिती लावून. एका कणात २४ सारखे उपघटक, म्हणजे १.७ लाख कणांतून ४० लाख उपघटकांची सरासरी. म्हणूनच हे प्रोटीन सरावाला देतात. ३.२ अँगस्ट्रॉम. आनंद झाला, पण स्फटिकातून काढलेली रचना आत बसेना. फिरवून पाहिली, पुन्हा बसवली. साखळी कुठेतरी बाहेर राहतेच. हेलिक्सकडे नीट पाहिल्यावर कळलं की त्या डाव्या वळणाच्या आहेत. प्रोजेक्शनच्या चित्रांवरून उजवा-डावा ठरत नाही. सुरुवातीचं मॉडेल निम्म्या वेळा आरशातलं येतं. एका आज्ञेने उलटवलं आणि रचना तिथल्या तिथे बसली. ४ अँगस्ट्रॉमच्या आत पोहोचलात की पहिलं काम हेच करा.

५ नोव्हेंबर

दिवाळीत मशीन चालूच होतं. मधे एकदा वीज गेली. यूपीएसने वीस मिनिटं धरलं, मग बंद. रिफाइनमेंट (मॅप फेरीफेरीने सुधारण्याचं काम) मागच्या फेरीपासून पुढे नेता येतं, सगळं वाया जात नाही.

आज एमएस्सीच्या मुलाने मॅप २.१ चा झाल्याचं जाहीर केलं. तक्ता मागवला. मास्क (मॅपमधला फक्त प्रोटीनचा भाग ठेवणारा साचा) अगदी प्रोटीनच्या अंगाबरोबर कापलेला, कड धारदार. दोन अर्ध्या मॅपना एकच धारदार मास्क लावला तर मास्कच दोन्हींत सारखा असतो, आणि एफएससीला (निम्म्या-निम्म्या कणांचे दोन मॅप किती जुळतात ते मोजणाऱ्या कसोटीला) तेच साम्य दिसतं. मोठ्या वारंवारितांचे फेज विस्कटून (म्हणजे बारीक तपशील मुद्दाम बिघडवून) काढलेली वक्ररेषा शून्यावर यायला हवी, ती वरच लोंबकळत होती. मास्क ढिला केला, कड मऊ केली: २.५. चहाच्या वेळी मुलगा गप्प होता. काकांनी त्याला सांगितलं की आकडा बदलला, मॅप तोच आहे. खरं आहे, पडद्यावर दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

१२ नोव्हेंबर

प्रत्येक कणाचा डीफोकस आणि इलेक्ट्रॉनच्या बीमचा तिरकेपणा सुधारला. केंद्रावर वेळ वाचवायला बीम हलवून एका ठिकाणाहून अनेक भोकं टिपतात, त्यामुळे थोडा तिरकेपणा येतो. भोकाच्या जागेनुसार चित्रांचे गट पाडले की तो नीट दुरुस्त होतो. मग फ्रेमनिहाय कणांची हालचाल जुळवली. २.३२. पाण्याचे काही रेणू दिसतायत, मोठ्या साइड-चेन (साखळीला बाजूने जोडलेले अणूंचे गट) ठळक. लहान काही धूसर आहेत, आणि त्यात आमच्याकडे सुधारण्यासारखं थोडंच आहे: घोड्याच्या प्लीहेतल्या फेरिटिनमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या मिसळलेल्या असतात, बहुतांश एल, काही एच, आणि सरासरीत दोन्ही एकावर एक येतात. १.२ वाल्यांनी जिवाणूत बनवलेलं, एकाच साखळीचं प्रोटीन वापरलं होतं.

१५ नोव्हेंबर

रचना मध्यभागी चपखल बसते आणि बाहेरच्या कडेला मॅप किंचित मोठा पडतो. चोवीसही उपघटकांत सारखाच, बाहेरच्या दिशेने. म्हणजे पिक्सेलचा आकार चुकीचा. आम्ही ०.८४ अँगस्ट्रॉम धरला होता. मॅप थोडा थोडा लहान करून प्रत्येक वेळी रचनेशी जुळणी मोजली. सगळ्यात चांगली ०.८३ ला. सव्वा टक्क्याच्या आसपासची चूक, पण १२० अँगस्ट्रॉमच्या गोळ्यात ती जवळजवळ दीड अँगस्ट्रॉम होते. मॅग्निफिकेशनचा छापील आकडा कोणत्याही यंत्रावर इतपत इकडेतिकडे असतो. केंद्राला कळवलं, त्यांनी आभार मानले. गंमत म्हणजे मोजपट्टी बदलल्यावर २.३२ चे आपोआप २.२९ झाले, फुकटात.

या एका गोष्टीसाठीही सराव वसूल झाला. आमच्या खऱ्या प्रोटीनची स्फटिकरचना अस्तित्वातच नाही, तिथे ही चूक कधी दिसलीच नसती.

१८ नोव्हेंबर

हिशेब. सहा महिन्यांतला सगळ्यात जास्त वेळ बर्फाने घेतला, मोठ्या यंत्रावरचा वेळ त्यापुढे नगण्य. पैशात पहिला क्रमांक ग्रिडचा, मग दोन डीह्युमिडिफायर, मग नायट्रोजन. आम्हाला तो लिटरमागे ५०-६० रुपयांना पडतो आणि गोठवायच्या दिवशी उडून जाणारा धरून वीसेक लिटर सहज लागतो. आर्द्रतामापक सगळ्यात स्वस्त निघाला आणि तो जूनमध्ये घ्यायला हवा होता.

मी पुन्हा सुरुवात केली तर गोठवण्याचं सगळं काम नोव्हेंबर ते मे यातच ठेवीन. पावसाळ्यात प्रोटीन शुद्ध करावं, नेगेटिव्ह स्टेन करावं, कॉम्प्युटर चालवावा. सरांचं मत वेगळं आहे: खोली नीट बंद केली तर जुलैमध्येही जमतं, २२ ऑगस्टच्या ग्रिड त्याचा पुरावा. दोन्ही खरं आहे. फक्त जुलैची किंमत कोण मोजणार हा प्रश्न उरतो.

खऱ्या प्रोटीनचं नेगेटिव्ह स्टेन काल झालं. ते ९० केडीएचं, सममिती नाही, आणि टू-डीमध्ये जवळजवळ सगळे कण एकाच बाजूने दिसतायत. ॲपोफेरिटिनला हा आजार नव्हता. कार्बनवरच तसं दिसतंय की मोकळ्या बर्फातही तसंच आहे, ते डिसेंबरच्या कोरड्या हवेत गोठवून बघायचं. तसंच निघालं तर आधी थोडं डिटर्जंट, आणि तेही नाही चाललं तर ग्रिड तिरकी करून चित्रं घ्यायची. सोन्याच्या ग्रिडचा एक डबा मागवला आहे.